कपाटातला प्रश्न

समिती हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. सोसायटीची असो, गणपतीची असो, शाळेतल्या पालकांची असो. लोक म्हणतात, बाई तुसडी आहे. असेन तुसडी. पण मी एकदा अशा समितीत होते जिचे नियम मी स्वतः टाइप केले होते. तिच्यात कोणाचा स्वार्थ नव्हता, कोणी पैसे खाणारं नव्हतं, तिघंही चारचौघांत सज्जन म्हणून ओळखले जाणारे. आमच्या गल्लीतल्या एका बाईला एवढंच विचारायचं होतं, की मी राहते ते घर उभं राहील, की पोरीला घेऊन बाहेर पडू? तिचा प्रश्न आम्ही कुलपात ठेवला. रविवारी बघू म्हणून.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली, भाईंदर पश्चिमेची. इंटरनेट तेव्हा पेपरात वाचायची चीज होती. त्याच्या आधी बोर्ड असायचे. कोणाकडे तरी एक कॉम्प्युटर, त्याला मॉडेम, मॉडेमला टेलिफोनची वायर. आपण आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावायचा, पलीकडचं यंत्र किर्र करून फोन उचलायचं आणि लोकांनी लिहून ठेवलेले निरोप आपल्या पडद्यावर दिसायला लागायचे. वाचायचं, आपलं काय ते लिहायचं, फोन ठेवून द्यायचा. लाइन एकच, म्हणून एका वेळी आत एकच माणूस. बाकीचे घरी बसून एंगेज टोन ऐकायचे आणि आत कोण बसलाय त्याला शिव्या घालायचे.

मी तेव्हा फोर्टातल्या एका कंपनीत हिशेब खात्यात होते. नवरा बोटीवर रेडिओ ऑफिसर, वर्षाचा बराचसा काळ समुद्रावर. कॉम्प्युटर आणि मॉडेम त्यानेच सिंगापूरहून आणून दिला, बहुतेक आपल्या मागे मी कटकट करू नये म्हणून. संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचा आणि बोर्डावर जायचं, ही माझी चैन होती.

आमचा बोर्ड मीरा रोडला, एका कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत चालायचा. क्लासचे मालक पन्नाशीचे, मुंबईतली नोकरी सोडून इकडे आलेले. बोर्डावर खरं नाव आणि फोन नंबर कोणी लिहायचा नाही, हा त्यांचा पहिला दंडक होता. कोणाची खरी ओळख फक्त त्यांना ठाऊक. म्हणून मग नात्यांवरच भागवायचं. ते स्वतः काका. मी ताई. एक निवृत्त मराठीचे शिक्षक होते, ते मास्तर. आणि इमारतींचं काम बघणारे एक इंजिनियर होते, त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब आठवड्यातून एकदाच, बुधवारी त्यांची सुट्टी असायची तेव्हा यायचे आणि लोकांच्या प्रश्नांना नीट उत्तरं लिहायचे. गळक्या स्लॅबवर काय करावं, माळा चढवावा का, पाण्याची टाकी कुठे बसवावी. फुकट सांगायचे आणि कोणाला कमी लेखायचे नाहीत.

सुरुवातीला बोर्डावर नुसता सावळागोंधळ होता. कोणी घाणेरडे विनोद टाकायचं, कोणी गुजरात्यांना शिव्या द्यायचं, मग तिकडून घाटी म्हणून परत यायच्या. मी रोज काकांकडे तक्रार लिहायचे. मास्तर शुद्धलेखनाची तक्रार लिहायचे, आणि आम्ही सगळे मराठी लिहीत होतो इंग्रजी अक्षरांत! शेवटी काका वैतागले. म्हणाले, "एवढं पोटात दुखतंय ना तुमच्या, मग तुम्हीच दोघं सांभाळा." अशी आमची मॉडरेटर म्हणून नेमणूक झाली. पगार शून्य. मोबदला एवढाच, की बाकीच्यांना दिवसाला अर्धा तास आणि आम्हाला पंधरा मिनिटं जास्त. त्या पंधरा मिनिटांचा काय तोरा होता म्हणून सांगू! मंत्र्याला लाल दिव्याचा नसेल.

पाळ्या ठरल्या. सोमवार ते बुधवार मास्तरांनी बघायचं, गुरुवार ते शनिवार मी. रविवारी क्लास बंद असायचा, तेव्हा दुपारी तिघांनी तिथे बसून आठवड्याची भांडणं निकालात काढायची. पहिल्या बैठकीआधी काकांनी बोर्डावर लिहिलं, मास्तर, येताना bhaji घेऊन या. आम्ही चहा टाकून गरम भजीची वाट बघत बसलो आणि मास्तर मेथीच्या दोन जुड्या घेऊन हजर. "भाजी आणा म्हणून लिहिलंत ना?" आम्ही हसून हसून बेजार झालो. इंग्रजी अक्षरांत काना दिसत नाही, त्याला कोण काय करणार! त्या दिवशी आम्हाला ती फक्त गंमत वाटली.

नियम मी लिहिले. आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी राहून चुकले होते, त्यामुळे नियम करायची खुमखुमी होतीच. एखादा निरोप वादाचा वाटला तर पाळीवाल्याने तो खोडायचा नाही, बाजूला ठेवायचा. या बाजूच्या जागेला आम्ही कपाट म्हणायचो. कपाटात गेलेला निरोप कोणाला दिसायचा नाही. तो बाहेर काढायचा तो रविवारी, तिघांनी मिळून, आणि काकांच्या मशीनवरूनच. वाचायला वेळ नसेल तर नुसत्या मथळ्यावरून कपाटात टाकायलाही परवानगी होती, कारण एका फोनमध्ये सगळं वाचून व्हायचं नाही. आणि ज्याचा निरोप कपाटात, त्याने त्या निर्णयात तोंड घालायचं नाही. हा शेवटचा नियम मी खास मास्तरांसाठी घातला होता. त्यांची पाल्हाळिक पत्रं लोकांच्या तक्रारीवरून कपाटात गेली की ते रविवारी स्वतःच त्यांची वकिली करायचे.

मग एकदा कोणीतरी लिहिलं, की स्टेशनजवळची अमुक इमारत बेकायदा आहे, लवकरच पाडणार. ज्यांनी तिथे फ्लॅट बुक केले होते ते बिल्डरच्या ऑफिसात धावले. पुढच्या आठवड्यात बिल्डरचा माणूस काकांच्या क्लासवर आला. मुलं टायपिंग करत बसलेली, त्यांच्यासमोर त्याने त्या निरोपाचा छापलेला कागद टेबलावर ठेवला. "काका, आप पढ़ेलिखे आदमी हो. बिल्डिंग के बारे में इधर कुछ भी लिखने का नहीं. समझे ना?" आवाज चढवला नाही. जाताना एका मुलीच्या पाठीवर थोपटून गेला, "अच्छे से सीखो, बेटा." काकांची पाचावर धारण बसली. रविवारी आम्ही नवा नियम केला, की कुठलीही इमारत पाडण्याबिडण्याविषयी काही आलं तर ते थेट कपाटात. मीही हो म्हटलं. नाही म्हणायचं काही कारणच नव्हतं.

आता त्या गल्लीतल्या बाईचं, वहिनींचं सांगते.

आमच्या सोसायटीला लागून एक तीन मजली इमारत होती. त्याच बिल्डरने बांधलेली, घाईघाईत, कागदपत्रं देवाच्या भरवशावर. जवळच्या राई गावातला एक म्हातारा आमच्याकडे बोंबील विकायला यायचा, तो त्या इमारतीकडे बघून मान हलवायचा. "ताई, ही खाजणाची जमीन हाय. वाळू खाडीची, पानी खारं. हितं काय टिकत न्हाय." त्या इमारतीत तळमजल्याला एक रत्नागिरीकडचं कुटुंब राहायचं. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला, एक शाळकरी मुलगी, आणि वहिनी. गल्लीत फोन माझ्याकडे, त्यामुळे वहिनींच्या भावाचा गावाहून फोन यायचा तो आमच्याकडे. आला की मी गॅलरीतून हाक मारायची. त्या पदराला हात पुसत धावत यायच्या, आणि बोलून झालं की मला दम भरायच्या, "तुमचा फोन कधी बघावा तर बिझी! माझ्या भावाला वाटतं आम्ही इथे मेलो." आम्ही दोघी एकाच वयाच्या. मला त्या आवडायच्या. त्यांच्यापाशी माझा चिडका स्वभाव चालून जायचा, उलट त्या मला आणखी चिडवायच्या.

त्यांच्या मोरीजवळचा खांब फुगला. प्लास्टर पडलं, आतले गंजलेले गज दिसायला लागले, आणि वरपासून खालपर्यंत भेग. वहिनींनी एक युक्ती केली. भेगेच्या बरोबर वर एक टिकली चिकटवली. काही दिवसांनी टिकलीची एक बाजू सुटून लोंबायला लागली. मग दुसरी लावली, तिचंही तेच. मला घरी नेऊन दाखवलं. "ताई, भिंत टिकली सोडते म्हणजे भेग वाढतेय ना? आणि दुपारी सगळं शांत असलं की आतून टकटक आवाज येतो. घर पडणार हे, माझं ऐका." नवरा जेवत बसला होता. तो हसला. "टिकली लावून झाली, आता गजरा घाल त्या खांबाला. म्हणजे लग्न लावूनच टाकू." वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

नवऱ्याचंही एक भय होतं, ते खोटं नव्हतं. गावची जमीन विकून ती खोली घेतलेली. एकदा कुलूप लावून बाहेर पडलो की ताबा गेला, बिल्डर दुसऱ्याला बसवेल, मग कोर्टात चपला झिजवा. नगरपालिकेत अर्जबिर्ज करायलाही तो तयार नव्हता. म्हणाला, "अर्ज केला तर इमारत पडायच्या आधीच पाडतील. मग जाऊ कुठे?" मी नाक्यावरच्या एका कंत्राटदाराला आणून दाखवलं, तो म्हणाला प्लास्टर मार देंगे. शेवटी नवरा म्हणाला, "कोणी शिकलेला इंजिनियर सांगू दे, की निघा. त्याच दिवशी निघतो. बायकोच्या टिकलीवर घर सोडू का मी?"

वहिनी माझ्या मागे लागल्या. "तुमच्या त्या मशीनवर इंजिनियर आहेत म्हणता ना? विचारा की." मलाही ते एकदम पटलं. साहेब काहीही हातचं न राखता सांगायचे. त्यांनी दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या दाखवून मी नवऱ्याला हाताला धरून बाहेर काढला असता. सोमवारी संध्याकाळी मी प्रश्न लिहिला. खांब कुठे, भेग किती, गज कसे, आवाज कसा, सगळं. साहेब बुधवारी वाचतील असा हिशेब करूनच लिहिला, कारण हा बुधवार चुकला की एकदम पुढचा. मथळा दिला, Gallitli building padnar ka?

मंगळवारी संध्याकाळी बोर्डावर गेले तर प्रश्न गायब. जागेवर मास्तरांची ओळ. सदर निरोप इमारतविषयक नियमानुसार कपाटात ठेवला आहे, निर्णय रविवारी. तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी भेटत असल्यामुळे मास्तरांचा नंबर माझ्याकडे होता, तडक त्यांना फोन लावला.

"मास्तर, वाचलंत का तुम्ही काय लिहिलंय ते?"

"मथळा वाचला. इमारत पाडणार का, असा. नियम स्पष्ट आहे."

"पाडणार नाही हो, पडणार! पडणार! खांब फुटलाय, माणसं राहतात आत!"

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "इंग्रजी अक्षरांत मला काना कुठून दिसणार, ताई?" जन्मभर पोरांच्या वह्यांत काना-मात्रा तपासलेला माणूस. मला त्यांची दयाही आली आणि रागही.

"बरं, आता कळलं ना? मग काढा बाहेर."

"मला एकट्याला कसं काढता येईल? आणि तुमच्याच निरोपाबद्दल तुम्ही मला असं सांगणंही नियमात बसत नाही. तुम्हीच लिहिलंय ते."

मी फोन आपटला आणि काकांना लावला. क्लासचा दुसरा फोन होता, तो त्यांनी उचलला. मी पुन्हा तेच सांगितलं, पाडणार नव्हे, पडणार. मला वाटलं एवढ्यावर काम होईल. काका म्हणाले, "ताई, मला कळलं होतं. मास्तरांनी कपाटात टाकल्यावर मी उघडून वाचला. तुम्हाला वाटतं पडणार लिहिलं तर तो बिल्डर पेढे वाटेल? पाडणार म्हटलं की दोष सरकारचा. पडणार म्हटलं की दोष त्याचा. हे तर जास्त वाईट आहे."

मी म्हटलं, "काका, बाईमाणूस आहे हो आत. तिची मुलगी आहे."

"माझ्या क्लासातही मुली येतात, ताई."

"बरं, बोर्डावर नको. साहेबांचा नंबर द्या, मी फोन करते."

"तो दंडक मी मोडत नाही. आज तुम्हाला दिला, उद्या त्या बिल्डरच्या माणसाने तुमचा मागितला तर?" आणि मग, माझा आवाज ऐकून असेल, म्हणाले, "असं करतो, साहेबांना खासगी निरोप ठेवतो. उद्या ते येतील तेव्हा वाचतील. झालं?"

"नक्की?"

"नक्की, नक्की. चिडू नका."

बुधवारी मी ऑफिसातून थेट वहिनींकडे गेले. सांगितलं, निरोप पोचलाय, आज-उद्या उत्तर येईल. वहिनींनी माझ्यासमोर नवऱ्याला विचारलं, "तोवर ताईंकडे झोपू या का?" तो म्हणाला, "एक रात्र घर रिकामं दिसलं की संपलं. तू घाबरट आहेस, म्हणून सगळ्यांनी घाबरायचं का?" मग मुलीला तेवढं माझ्याकडे पाठवायचं ठरलं. वहिनी मात्र नवऱ्याचा डबा आणि सकाळचं पाणी म्हणून राहिल्या. त्या दिवसापासून पोरगी माझ्याकडे झोपायला लागली.

गुरुवारी माझी पाळी. मी बोर्डावर गेले, साहेब बुधवारी येऊन गेल्याचं दिसत होतं. त्यांनी कोणाच्या तरी बाथरूमच्या गळतीवर दोन परिच्छेद लिहिले होते. माझ्यासाठी काही नव्हतं. मी मनाशी म्हटलं, विचार करून सांगणार असतील. माणूस मोठा आहे, घाईत बोलत नाही. काकांना फोन लावला तर क्लासवर कोणी उचलला नाही. वहिनींनी गॅलरीखालून हाताने खूण करून विचारलं, आलं का? मी हाताने सांगितलं, येईल.

शुक्रवारी सकाळी पाणी सोडायच्या वेळेला इमारत बसली. पडली असं म्हणवत नाही, कारण ती आडवी झाली नाही. तळमजला होता तिथे तळमजला राहिला नाही, आणि वरचे मजले त्याच्यावर येऊन टेकले. वरच्या मजल्यांवरची माणसं जखमी झाली पण वाचली. मी पोरीची वेणी घालत होते. आवाज झाला आणि खिडकीत धूळच धूळ. पोरगी म्हणाली, "आई पाणी भरत असेल." मी तिचे केस हातात धरून तशीच उभी राहिले. खाली गेले नाही. मला भीती वाटली होती, दुसरं काही नाही. नवरा कारखान्यात होता. वहिनींना बाहेर काढलं तेव्हा दुपार उलटून गेली होती. मी बघायला गेले नाही, पोरीला घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसले. शनिवारी त्यांना पोचवलं.

रविवारी मी क्लासवर गेले. भांडायला गेले. कोणाला तरी फाडून खाल्ल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती. मास्तर खुर्चीत खाली मान घालून बसलेले. काकांनी चहासुद्धा टाकला नव्हता. दोघांनाही कळलं होतं. गल्लीतली बातमी मीरा रोडला पोचायला कितीसा वेळ लागतो! मी तोंड उघडणार तेवढ्यात दारात एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. हातात हेल्मेट. "काका म्हणतात ते तुम्हीच ना? मी साहेब. खासगी निरोप मिळाला बुधवारी, रविवारी क्लासवर भेटा, थोडं काम आहे, म्हणून."

मी काकांकडे बघितलं. थोडं काम आहे. एवढंच लिहिलं होतं त्यांनी. लेखी स्वरूपात कुठे काही राहू नये म्हणून.

काकांनी मशीन चालू केलं, कपाट उघडलं आणि माझा प्रश्न पडद्यावर आणून ठेवला. मला आजही कळत नाही, ते असं का वागले. समजावून सांगायची हिंमत नसेल, म्हणून वाचायला दिलं असेल. साहेब उभ्याउभ्याच वाचायला लागले. मध्येच खिशातून चष्मा काढून लावला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग वळले, आणि इतका घाईचा आवाज त्या माणसाचा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"हे आजच्या आज खाली करा. आत्ता. सामान राहू दे, आधी माणसं. कुठे आहे ही इमारत? कोणाकडे गाडी आहे का?"

मास्तर रडायला लागले. साहेबांनी आमच्यातल्या एकेकाकडे बघितलं, मग त्यांना कळलं. ते खुर्चीवर बसले. "कधी?" मी म्हटलं, "परवा." ते पडद्यावरची तारीख बघत राहिले. "सोमवारी लिहिलंय. बुधवारी मी इथे होतो हो. अर्धा तास बोर्डावर होतो मी. बाथरूमवर लिहीत बसलो होतो."

भांडायला गेलेली मी न भांडताच परत आले. त्यानंतर त्या बोर्डावर गेले नाही. काकांनी वर्षभरात तो बंद केला असं ऐकलं. मास्तरांचं एक पत्र आलं, शुद्ध देवनागरीत, ते मी न वाचता फाडलं. वाईट केलं का? केलं असेल. मला पश्चात्ताप नाही.

वहिनींचा नवरा तेव्हा माझ्याकडेच होता, मुलगी आमच्याकडे म्हणून. दुसरं ठिकाण मिळेपर्यंत राहा म्हटलं. दिवसभर गॅलरीत बसायचा आणि खालच्या ढिगाऱ्याकडे बघायचा. मला त्याचा संताप यायचा, खोटं कशाला सांगू? त्याला जेवायला वाढताना माझ्या हातून ताट आपटायचं. एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तो आत येऊन उभा राहिला.

"ताई, ते इंजिनियरचं उत्तर आलं का शेवटी?"

माझ्या मनात आलं, नाही म्हणावं. नाही आलं म्हटलं असतं तर त्याला झोप लागली असती. पण ते माझ्या तोंडून बाहेर येईना.

"आलं. रविवारी आलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, खाली करा. सामान राहू दे, आधी माणसं बाहेर काढा."

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मला वाटलं रडेल, किंवा मला दोष देईल, आणि दिला असता तर मी ऐकून घेतलं असतं. आतल्या खोलीतून पोरीचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

"एवढंच?" तो म्हणाला. "एवढं तर ती रोज सांगत होती."